‘हाव’ म्हणणारे पेशंट

आमच्याकडचा पेशंट डॉक्टरला कधी ‘नाही’ म्हणत नाही. ‘गोळ्या वेळेवर घ्यायच्या.’ ‘हाव.’ ‘तंबाखू सोडायची.’ ‘हाव बाई.’ ‘पुढच्या बाजारी परत दाखवायला यायचं.’ ‘हाव, येतो की.’ आणि मग तो जो जातो तो कित्येक महिन्यांनी उगवतो, तेही दुसऱ्याच कुणाला तरी दाखवायला घेऊन. नोकरीच्या सुरुवातीला मला हा ‘हाव’ म्हणजे होकार वाटायचा. पुष्कळदा तो नुसता नमस्कार असतो, हे हळूहळू कळलं. समोर शिकलेली बाई बसलीय, तिचा मान राखावा, घरी जाऊन आपल्याला करायचं ते करावं, इतकाच त्याचा अर्थ.

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत असलेले एक मन्मथअप्पा माझ्याकडे साखरेच्या आजारासाठी यायचे. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, बोलणं लोण्यासारखं मऊ. मी म्हटलं, गूळ बंद. ते म्हणाले, हाव. पुढच्या खेपेला लघवी तपासली तर साखर होती तशीच.

‘अप्पा, गूळ सोडला होता ना?’

‘सोडला की बाई. ढेपंकडं बघत सुदीक न्हाई.’

‘मग?’

‘काकवी खातो. काकवीचं तुम्ही बोललाच न्हाई.’

मी रागावले. तेही हसू दाबत रागावल्यासारखं करू लागले. अप्पांशी माझी पुढे कैक वर्षं अशीच जुगलबंदी चालली आणि त्यात मजा होती. पण प्रत्येक ‘हाव’ इतका गमतीचा नसतो. ज्या एका ‘हाव’मुळे मी डॉक्टर म्हणून बोलायला शिकले, खरं तर गप्प बसायला शिकले, त्याची ही हकिकत.

लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. लातुरात मीटिंगला जावं तर कुठलं ऑफिस कुठल्या गल्लीत, हे रिक्षावाल्याला विचारावं लागे. पाट्यांवर नवा रंग, आतली कपाटं मात्र जुनी. जिल्हा आपला, नवा, असं सगळ्यांनाच कौतुक होतं. चहाच्या टपरीवरसुद्धा लोक ‘आता आपलं जिल्ह्याचं गाव’ म्हणून ताठ बसायचे. माझी नेमणूक उदगीरच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका गावात सरकारी दवाखान्यात होती. मी मूळची नांदेडची. तिथे निम्म्या बायका दुखणं कानडीतून सांगायच्या. ‘होट्टे नोवु’ म्हणजे पोट दुखतंय, एवढं मी पहिल्याच आठवड्यात शिकले आणि त्या जोरावर वर्षभर निभावलं.

आणि दुष्काळ होता. लागोपाठ दुसरं वर्ष. दवाखान्याच्या आवारातलं कडुनिंबाचं झाड तेवढं हिरवं, बाकी नजर जाईल तिथवर पिवळं. गावात टँकर यायचा, पण कधी येईल याचा नेम नसायचा. त्याचा हॉर्न ऐकू आला की माझी ओपीडी क्षणात रिकामी व्हायची. तापाने फणफणलेला माणूसही उठून घागर शोधायला लागायचा.

त्या दिवसांत महानंदा आली. विशीच्या आतबाहेरची असेल. दवाखान्याजवळच्याच वाडीत तिचं माहेर होतं; वडील नव्हते, भाऊ वाडीत किराणा दुकान चालवायचा. सासर लांब, नांदेड जिल्ह्यात बिलोलीकडे. सासरी खोकला लागला, ताप येऊ लागला, रक्त पडलं, तेव्हा त्यांनी तिला माहेरी आणून सोडली. सोबत आई होती, सोजरबाई. मी मुलीला विचारायचे आणि उत्तर आईकडून यायचं.

‘खोकला कधीपासून आहे?’

‘उन्हाळ्यापासनं हाय बाई. आदी कोरडा होता,’ सोजरबाई सांगायच्या. ‘मग बिमारी वाढली.’

‘जेवण जातं का?’

‘कुठलं जातंय! अर्धी भाकर बी न्हाई.’

महानंदा खाली बघून पदराच्या टोकाला गाठ मारायची, सोडायची. तिचा आवाज मी ऐकला तो छातीला नळी लावली तेव्हा, आणि तोही नुसता श्वासाचा. बेडका तपासला. टीबी होता.

टीबीच्या तेव्हाच्या उपचाराबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आज सहा महिन्यांत काम होतं. तेव्हा आमच्याकडे आधी काही महिने रोज इंजेक्शन आणि सोबत गोळ्या, मग इंजेक्शन थांबवून नुसत्या गोळ्या, असं मिळून वर्षाच्या वर जायचं. यातली खरी अडचण औषधाची नव्हती. पहिल्या काही आठवड्यांतच ताप जातो, खोकला उतरतो, भूक लागते. माणसाला वाटतं, झालो बरा. तो गोळ्या सोडतो. आतला आजार मेलेला नसतो, नुसता दबलेला असतो. तो पुन्हा उठतो तेव्हा तीच औषधं त्याला पुरी पडत नाहीत. म्हणून टीबीच्या डॉक्टरचं निम्मं काम औषध देण्याचं आणि निम्मं, बरं वाटणाऱ्या माणसाला तू अजून आजारी आहेस हे पटवण्याचं.

इंजेक्शनं होती तोवर महानंदा रोज यायची. सिस्टर सुई टोचायच्या, ती तोंडातून ‘स्स’ करायची नाही. हळूहळू गालावर मांस आलं. सोजरबाई खूश होत्या. वाडीतल्या बायका तिला विचारू लागल्या होत्या, आता लेक कधी जाणार सासरी? इंजेक्शनं संपली. गोळ्या घरी दिल्या. मी नेहमीचं सगळं सांगितलं: एक दिवस चुकवायची नाही, बरं वाटलं तरी थांबायचं नाही. महानंदा म्हणाली, ‘हाव.’ तिच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला शब्द.

दोन-तीन महिन्यांत ती पुन्हा वाळली. संध्याकाळचा ताप परत आला. बेडक्यात पुन्हा जंतू दिसले.

‘गोळ्या खातेस का?’

‘खाती बाई,’ सोजरबाई म्हणाल्या. ‘माझ्या डोळ्यासमोर तोंडात टाकती.’

‘मी तिला विचारतेय.’

‘हाव,’ महानंदा म्हणाली.

मी बोलायला सुरुवात केली. हे औषध फुकट मिळतंय म्हणून किंमत नाही, तुझ्या वयाच्या मुली मी मरताना पाहिल्यात, तुझ्यामुळे घरातल्या लेकरांना होईल. सगळं खरं होतं आणि सगळं मी चढ्या आवाजात सांगितलं. सोजरबाई रडू लागल्या. महानंदा पदराची गाठ मारत राहिली. त्या दोघी गेल्या आणि सिस्टरनी माझ्यापुढे माठातलं पाणी ठेवलं. माझा घसा बसला होता. एवढं बोलून समोरच्या मुलीबद्दल मला काडीचीही नवी माहिती मिळाली नव्हती, हे मात्र तेव्हा जाणवलं.

पुढच्या खेपेला त्या आल्या तेव्हा तपासणी अर्ध्यावर असतानाच टँकरचा हॉर्न वाजला. सोजरबाई दवाखान्यात येतानाही काखेत घागर घेऊन आल्या होत्या. त्या दिवसांत बायका तशाच फिरायच्या. त्यांनी एकदा लेकीकडे, एकदा दाराकडे पाहिलं आणि ‘आलेच बाई’ म्हणून पळाल्या. सिस्टर गेल्या, शिपाई गेला. दवाखान्यात आम्ही दोघीच उरलो.

भाषण करायची माझ्यात त्या दिवशी ताकद नव्हती. सहज, तिला थोडी उमेद वाटावी म्हणून मी विचारलं, ‘महानंदा, बरी झालीस की काय करणार?’

तिने मान वर केली. एवढ्या महिन्यांत मी तिचे डोळे नीट पाहिले नव्हते.

‘मग नेतेत,’ ती म्हणाली.

‘कोण?’

‘सासरचे.’

‘मारतात का तिथे?’

‘न्हाई.’

‘नवरा चांगला नाही?’

‘त्यो गरीब हाय. अर्धापूरला केळीच्या गाड्या भरायला जातो. पंधरा-ईस दिवस घरी नसतोय.’

‘मग?’

ती गप्प झाली. माझ्या तोंडी पुढचे प्रश्न तयार होते. सासू जाच करते का, पोट भरत नाही का, मूल होत नाही म्हणून बोलतात का. ते मी का विचारले नाहीत, सांगता येत नाही. कदाचित थकव्यामुळेच. बाहेर घागरींचा आणि भांडणाचा गलका चालू होता. आत पंखा बंद, वीज नव्हती. मी बसून राहिले.

‘आडात सोडतेत,’ ती म्हणाली.

मला आधी कळेना. मग तिने सांगितलं. सासरी घरामागे घरचाच आड आहे. दुष्काळात त्याला पाणी राहत नाही. तळाशी एका फटीतून झिरपतं तेवढंच. पोहरा टाकला तर नुसता गाळ येतो. म्हणून कुणीतरी खाली उतरून वाटीवाटीने पाणी भरायचं आणि वरच्यांनी बादली ओढून घ्यायची. घरात सगळ्यांत हलकी ही. कमरेला दोर बांधून रोज सकाळी हिला सोडायचे.

‘खाली अंधार असतोय. वरून माती पडती. वाटी भराया लई वेळ लागतोय, अन् वरून सारखं वरडतेत, झालं का, झालं का म्हणून. वर बघावं तर आभाळ ताटलीएवढं.’ ती थांबून थांबून बोलत होती, पण आता थांबणार नाही असं दिसत होतं. ‘दोर तुटला तर, असं वाटतंय. वर ओढायलाच इसरले तर, असं बी वाटतंय. तितंच खोकला लागला. एक दिशी रक्त पडलं. पाण्यात पडलं का काय, म्हणून म्या ती वाटी वतून दिली. सासू वरून वरडली, पाणी सांडतीस का म्हणून.’

‘मग तू सांगितलं नाहीस, रक्त पडलं म्हणून?’

‘वर आल्यावर सांगितलं. मग इकडं धाडलं.’ तिने पदर तोंडाशी नेला. ‘बिमारीनं सोडवलं मला, बाई.’

गोळ्यांचंही मग तिने सांगितलं: ती तोंडात टाकायची, आई वळली की काढून चुलीत टाकायची. मी कॉलेजात शिकले होते की पेशंट अडाणी असतो, आळशी असतो, विसरतो, म्हणून औषध घेत नाही. ही मुलगी काही विसरली नव्हती. तिने सगळा विचार केला होता. तिचा टीबी तिला आडाबाहेर ठेवत होता आणि मी तो काढून घ्यायला निघाले होते.

‘तुला मरायचंय का?’ मी विचारलं. रागाने नाही, खरोखरच कळावं म्हणून.

‘न्हाई बाई!’ ती दचकली. ‘मरायचं न्हाई. बरं बी व्हायचं न्हाई.’

‘या दोहोंच्या मध्ये हा आजार कुणाला राहू देत नाही गं. काही महिने राहू देतो. मग नाही.’

तिला हे माहीत नव्हतं. इतक्या वेळा मी मरणाचं बोलले होते, पण ती समजत होती की डॉक्टर लोक असंच बोलतात. आता तिने ऐकलं. चेहऱ्यावर ते ऐकणं दिसलं.

मी तुझ्या सासूला सांगते, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी विचारलं, ‘काय करू या?’

ती पदराच्या गाठीशी चाळा करत राहिली. मी तिला एवढंच सांगितलं की इंजेक्शनं पुन्हा सुरू करावी लागतील आणि पूर्ण उपचाराला वर्षाच्या वर लागेल. तोवर कुणी विचारलं तर मी ‘बरी झाली’ असं म्हणणार नाही, कारण ते खरंच नसेल. म्हणजे बरं होणं उद्यावर आलेलं नाही, तुझ्या हातात वेळ आहे.

‘वरीसभर न्हाई नेणार?’

‘माझ्या परवानगीने तरी नाही.’

‘मग खाते,’ ती म्हणाली. ‘पर इतं येऊन खाते. घरी नगं.’

सोजरबाई भरलेली घागर घेऊन परत आल्या तेव्हा आम्ही दोघी नुसत्याच बसलो होतो. ‘तपासलं का बाई?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

तेव्हापासून ती रोज एकटी चालत यायची. सिस्टर इंजेक्शन द्यायच्या, गोळ्या हातावर ठेवायच्या, ती माठातलं पाणी घेऊन गिळायची आणि न सांगता ‘आ’ करून दाखवायची. कधी कधी व्हरांड्यात बसून राहायची. सिस्टरांशी हसायची. तिला हसताना पाहून मला पहिल्यांदा कळलं की तिचा एक दात दुसऱ्यावर चढलेला आहे. त्या व्हरांड्यातली ती सकाळची वेळ, फरशीवर सांडलेली कडुनिंबाची पिवळी पानं, जिऱ्याच्या फोडणीचा क्वार्टरमधून येणारा वास, हे मला आजही एखाद्या आजोळासारखं आठवतं. पुढे मोठ्या इस्पितळांत कामं केली, पण पेशंटपाशी नुसतं बसायला मिळालं ते तिथंच.

एका बाजाराच्या दिवशी तिचा नवरा आला. काशिनाथ. उंच, हडकुळा, पांढऱ्या टोपीवर प्रवासाची धूळ. टॉवेलात केळीची एक फणी बांधून आणली होती. अर्धापूरहून इथवर येताना बसमध्ये ती दाबून काळी पडली होती. त्याने ती माझ्या टेबलावर ठेवली.

‘बरी झाली का म्हनून बघाया आलतो,’ तो म्हणाला. ‘आई इचारून राहिली.’

मी सिस्टरना सांगून महानंदाला बोलावलं. आदल्या महिन्यातच आमचं बोलणं झालं होतं. मी बोलू का, असं मी विचारलं तर ती नको म्हणाली होती. ‘तुम्ही नुसतं बसा. मी बोलते.’

ती येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. नवऱ्याकडे न बघता तिने सगळं एका दमात टाकलं. ‘दवा संपली की मी येणार हाय. पर आडात उतरणार न्हाई. दुसरं काय बी काम सांगा. आडात न्हाई.’

काशिनाथ तिच्याकडे बघत राहिला. ‘का?’

‘भेव वाटतंय.’

‘समद्याच बाया उतरतेत की.’

‘उतरू दे.’

मला मध्ये पडण्याची इतकी इच्छा झाली की मी टेबलाची कड धरून ठेवली. काशिनाथने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. ‘आई काय म्हनंल?’ तो बहुधा स्वतःशीच म्हणाला. मग टॉवेल सोडून त्याने त्यातल्या त्यात चांगलं एक केळ निवडलं, ते तिला दिलं आणि म्हणाला, ‘बरं.’

एवढंच. हा ‘बरं’ कशातला, ते मला ओळखता येईना. खरा, की नुसता वेळ मारून नेण्याचा? महानंदाला विचारलं तर ती केळ सोलत म्हणाली, ‘बघू.’

उपचार पुरा झाला. बेडका सलग स्वच्छ आला. काशिनाथ तिला न्यायला आला तेव्हा मी स्टँडपर्यंत गेले, जे मी कधी करत नसे. बस हलली. खिडकीतून तिने हात हलवला नाही; समोर बघत ताठ बसून होती. दवाखान्यात परतल्यावर मला काही सुचेना. फुप्फुस बरं करून मी त्या मुलीला आडाच्या काठावर नेऊन सोडलं की काय, हा विचार पाऊसकाळभर आणि त्यापुढेही माझ्यामागे राहिला. सरकारी डॉक्टरचा संबंध पेशंट बरा झाला की संपतो. हा संपेना.

पुढच्या उन्हाळ्यात मी रजेवर नांदेडला निघाले होते. देगलूरवरून जाताना मनाशी ठरवून बिलोलीला उतरले आणि एका जीपमधून तिच्या सासरच्या गावी गेले. पाऊस त्या भागात पुन्हा ओढ देऊन गेला होता. वाटेत रिकाम्या घागरींची रांग दिसली.

घरात फक्त सासू होती, चंद्राबाई. वाळकी, कणखर म्हातारी. महानंदा शेतात काटक्या आणायला गेली होती. माझं नाव ऐकून चंद्राबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘म्हंजे सुनंला फितवणाऱ्या त्या डॉक्टरीणबाई तुमीच.’

‘मीच,’ मी म्हटलं.

‘बसा.’ त्यांनी अॅल्युमिनियमच्या पातेल्यात कोरा चहा टाकला. दूध नव्हतं. मग कप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, ‘केळीचं काम सोडून आलाय त्यो. उन्हाळाभर त्योच उतरतोय आडात. बाप्या माणूस वाटीनं पाणी भरतोय म्हनून गाव हसून राहिलं.’

‘आणि महानंदा?’

‘ती वर दोर धरून उभी असती. सोडीत न्हाई.’ त्या थांबल्या. ‘खोकत न्हाई आता.’

चहा संपल्यावर मी म्हटलं, मला आड दाखवता का? त्यांना नवल वाटलं, पण उठल्या. घरामागे काळ्या दगडाचा अरुंद आड होता. काठाचे दगड दोराने घासून त्यांना खाचा पडल्या होत्या. मी वाकून पाहिलं. थोड्या खाली उजेड संपत होता. तळ दिसतच नव्हता. एक खडा माझ्या पायाने सुटला, आणि तो पोचल्याचा आवाज येईपर्यंत मी काठ घट्ट धरून होते. दवाखान्यात बसून मी जे ऐकलं होतं, ते याच्यापुढे काहीच नव्हतं.

चंद्राबाई माझ्या शेजारी उभ्या राहून त्याच काळोखात बघत होत्या.

‘बहात्तरच्या दुष्काळात मी उतरत हुते,’ त्या म्हणाल्या. आवाज आता भांडणाचा नव्हता. ‘ह्याच आडात. ह्यो काशिनाथ एवढुसा, इतं काठाला बसून रडायचा. आय, वर ये, आय, वर ये.’

मी काठावरच्या एका खाचेवरून बोट फिरवलं.

‘सुनंला तुमी इचारलं तरी. मला कुणी इचारलंच न्हाई, भेव वाटतंय का म्हनून.’

‘वाटत होतं?’ मी विचारलं.

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

‘लई,’ त्या म्हणाल्या.